दोन व्हॉइस नोट

गुरुवारी रात्री माझ्याच दोन व्हॉइस नोट एकापाठोपाठ ऐकल्या. पहिली पुण्याच्या टीमला पाठवलेली: "मी फाइल पाठवते आहे, बघून घ्याल का?" दुसरी इथे नागपुरात, महाल भागात राहणाऱ्या आईला: "मी येऊन राहिली न आई, तू जेवून घे."

आवाज एकच, पण बाया दोन. पहिलीच्या बोलण्यात प्रत्येक वाक्याआधी एक बारीक अडखळ आहे. शब्द तोंडातून सोडण्याआधी तपासून घेतल्याची.

पुण्यात नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये आमच्या नागपुरी बोलीत "मी जेवून राहिली", म्हणजे 'जेवते आहे', असं म्हणाले आणि सगळं टेबल हसलं. माणसं वाईट नव्हती, नंतर त्यांनी मला जीव लावला. पण महिनाभरात माझं 'राहिली' गेलं, पाठोपाठ 'का'साठीचं 'काऊन' गेलं. नागपुरात परत येऊन इतकी वर्षं झाली, तरी ऑफिसात ते परतलं नाही.

ड्युव्हल आणि विकलंड या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलं होतं की लक्ष स्वतःकडे वळलं की माणूस स्वतःला कुठल्यातरी मापाने मोजायला लागतो, आणि कमी भरला की अस्वस्थ होतो. लक्ष असं वळवायला प्रयोगांत आरसा वापरत, कधी माणसाचा स्वतःचाच रेकॉर्ड केलेला आवाज. त्या रात्री माझं तेच झालं. फक्त प्रश्न असा पडला, की हे माप माझ्या हातात दिलं कुणी?

"लोक काय म्हणतील याचा विचार सोडा" हा सल्ला मला पटत नाही. आपलं म्हटलं जाणं ही भुकेसारखी गरज आहे. बाउमायस्टर आणि लिअरी यांनी १९९५ मध्ये ती माणसाची मूलभूत प्रेरणा म्हणून मांडली. कँटीनमधल्या त्या पोरीला मी दोष देणार नाही. तिला त्या टेबलावर जागा हवी होती.

पण माझी खरी टोचणी वेगळी आहे. त्याच गुरुवारी व्हिडिओ मीटिंगमध्ये आमची नवी मुलगी, काटोलकडची, म्हणाली, "सर, मी डेटा भरून राहिली..." आणि थांबली. कान लाल झाले तिचे. "भरते आहे," तिनं दुरुस्त केलं. मी शेजारीच होते, सीनिअर होते, आणि गप्प बसले.

सॉलोमन ॲशचा १९५१ चा प्रयोग आठवला. रेषांची लांबी डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही, बाकीचे सगळे चुकीचं उत्तर देतात म्हणून लोक सुमारे एक तृतीयांश वेळा तेच चुकीचं उत्तर देत. पण त्या गटात एक जरी माणूस खरं बोलला, तरी हे वाहून जाणं एकदम कमी व्हायचं. एकच माणूस. त्या मीटिंगमध्ये ती जागा माझी होती हो.

शुक्रवारी पुण्याहून विचारलं, रिपोर्ट कुठवर आला? मी माइक सुरू केला. "आम्ही दोघी मिळून करून राहिलो. संध्याकाळपर्यंत होऊन जाते." छाती धडधडत होती, या वयात. पलीकडून आलं, "ठीक आहे, सहापर्यंत द्या." बस, पुढचा विषय.

चार वाजता चहाला ती मुलगी आपणहून माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या घरची संत्र्याची बाग आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "बाबा सकाळी फोनवर सांगून राहिले होते, यंदा अंबिया बहाराची फळगळ खूप झाली."