तिकडे कोटा, इकडे करार

जून उजाडला की इथे अमेरिकेत पुण्या-मुंबईचे फोन एकाच विषयावर येतात: कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाची फेरी. कुणाचा भाचा इंजिनिअरिंगला, कुणाची पुतणी अकरावीला. पाचव्या मिनिटाला गाडी ठरलेल्या स्टेशनावर येते. "अल्पसंख्याक कॉलेजात निम्म्या जागा त्यांच्याच, मग आपल्या मुलांनी जायचं कुठे?"

हा राग मला परका नाही. थडोमल शहानी सिंधी भाषकांचं, द्वारकादास संघवी गुजराती भाषकांचं, वांद्र्याचं फादर आग्नेल ख्रिस्ती, भायखळ्याचं साबू सिद्दिक मुस्लिम, हा नकाशा मुंबईतल्या बारावीच्या पालकांना तोंडपाठ असतो. घटनेच्या कलम 30(1) ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. 2005 च्या 93 व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांमध्येही आरक्षणाची वाट मोकळी केली, पण या संस्थांना त्यातून वगळलं. नोव्हेंबर 2024 मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या अल्पसंख्याक दर्जाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाचे सात न्यायाधीश 4 विरुद्ध 3 असे विभागले गेले, तेव्हा आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

या सगळ्या भांडणात एक प्रश्न मात्र मी कधी ऐकला नाही. कॉलेज ख्रिस्ती आहे, मुस्लिम आहे, तर त्याने तिथल्या शिक्षणात नेमका काय फरक पडतो? उत्तर बहुतेक वेळा "काहीच नाही" असं असतं. अभ्यासक्रम इतर कॉलेजांसारखाच, थर्मोडायनॅमिक्स तेच, व्हायवाची धाकधूक तीच. धर्म ट्रस्टच्या कागदात असतो आणि प्रवेशाच्या फॉर्मवर असतो. वर्गात तो फारसा येत नाही.

शिकागोच्या पश्चिमेच्या उपनगरात राहायला आल्यावर मला उलटी तऱ्हा दिसली. आमच्या घरापासून जवळच व्हीटन कॉलेज आहे, 1860 सालचं. तिथे प्रवेश मागणाऱ्याने आपण ख्रिस्तावर श्रद्धा ठेवतो हे सांगावं लागतं आणि कसं वागायचं याच्या लिखित करारावर सही करावी लागते. डिसेंबर 2015 मध्ये तिथल्या एका प्राध्यापिकेने मुस्लिमांना पाठिंबा म्हणून हिजाब घातला आणि ख्रिस्ती व मुस्लिम एकाच देवाची भक्ती करतात असं लिहिलं. कॉलेजने त्यांना रजेवर पाठवलं. पुढच्या फेब्रुवारीत दोन्ही बाजूंनी मिळून त्या तिथून जाणार असं जाहीर झालं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना संत मानणाऱ्या मराठी माणसाला हे ऐकून हसावं की रडावं कळत नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते: व्हीटन काहीही लपवत नाही. पटत नसेल तर येऊ नका, इतका सरळ मामला.

सगळी धार्मिक कॉलेजं अशी नाहीत, आणि इथेच आमचे मराठी पालक गोंधळतात. नावात "सेंट" किंवा "लोयोला" दिसलं की अर्ध्यांना कॉन्व्हेंटची शिस्त आठवून बरं वाटतं, अर्ध्यांना पोरगी चर्चला जायला लागेल अशी धास्ती वाटते. दोन्ही भावना मायदेशातून सामानासोबत आणलेल्या. वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन विद्यापीठ जेझुइटांचं, म्हणजे एका कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं, 1789 चं, पण तिथे 1999 पासून इमाम आहेत आणि 2016 मध्ये पूर्णवेळ हिंदू पुरोहितही नेमले गेले. इंडियानातल्या नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात बहुसंख्य मुलं कॅथलिक, होस्टेलगणिक छोटं प्रार्थनाघर, आणि थिऑलॉजी (धर्मशास्त्र) व तत्त्वज्ञान शिकल्याशिवाय कुणालाच पदवी नाही, मग विषय अकाउंटिंग का असेना. मला ही सक्ती आवडते, खरं सांगायचं तर. आपल्याकडे इंजिनिअरला चार वर्षांत धर्माबद्दल एक गंभीर पुस्तक वाचावं लागत नाही, आणि त्यानंतर तो आयुष्यभर व्हॉट्सॲपवर धर्माबद्दल लिहितो.

खरी मेख श्रद्धा आणि विषय जिथे एकमेकांना भिडतात तिथे आहे. ओहायोतल्या सीडरव्हिल विद्यापीठात भूविज्ञानाची पदवी मिळते, पण पृथ्वीचं वय काही हजार वर्षंच, ही बायबलवर आधारलेली भूमिका धरून. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या मुलाने तिथे काय करावं? दुसरीकडे युटातलं ब्रिगम यंग विद्यापीठ मॉर्मन या अमेरिकेत जन्मलेल्या पंथाच्या चर्चचं, नियमांनी कडक, पण तिथे उत्क्रांती व्यवस्थित शिकवतात आणि अकाउंटिंगचं नाव देशभर आहे. कॅथलिक रुग्णालयांना बिशपांच्या नियमावलीप्रमाणे चालावं लागतं, म्हणून तिथे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया सहसा होत नाही. आपल्याकडे ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होते. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीने हे आधी विचारावं, कारण तिचं प्रात्यक्षिक कुठल्या वॉर्डात होणार ते यावर ठरू शकतं. कॅलिफोर्नियातलं लोमा लिंडा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं. आरोग्यशास्त्राचं विद्यापीठ, आणि शाकाहाराचं मोठं पुरस्कर्तं. पुण्यात औंधच्या स्पायसर या ॲडव्हेंटिस्ट कॉलेजचा ब्राउन ब्रेड खाल्लेल्या पुणेकराला हा पंथ ओळखीचा वाटेल. एका कट्टर शाकाहारी मराठी घराला मी लोमा लिंडा सुचवलं तर ते म्हणाले, "पण ते ख्रिश्चन ना?" दारू नाही, तंबाखू नाही, मांसाहारापासून लांब. आणखी किती आपलं हवं होतं?

"आपलं" कॉलेज शोधायला गेलं तर फार काही हाती लागत नाही. फ्लोरिडातल्या हिंदू युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकेत हिंदू धर्माचा अभ्यास होतो, नर्सिंग होत नाही. बर्कलीच्या झैतूना कॉलेजात पदवी इस्लामी कायदा आणि धर्मशास्त्राची. आयोवातलं महर्षी विद्यापीठ अपवाद. तिथे कॉम्प्युटर सायन्स आहे, शाकाहारी जेवण आहे आणि रोजचं ध्यानही आहे. आयटीतल्या कित्येक भारतीयांनी तिथून मास्टर्स केलंय, ध्यानापेक्षा नोकरीच्या ओढीने असं माझं मत.

तरी लेखी कराराची ही पद्धत मला पूर्ण पटत नाही. ब्रिगम यंगमध्ये चहासुद्धा चालत नाही (मराठी पोराला ही अट सगळ्यात जड), पण परधर्मीयाला प्रवेश मिळतो, फक्त फी दुप्पट. मात्र तिथला मॉर्मन विद्यार्थी मध्येच रीतसर चर्च सोडून बाहेर पडला तर त्याला दरवर्षी लागणारी धर्मगुरूची शिफारस मिळत नाही, आणि तिच्याविना शिकता येत नाही. सतराव्या वर्षी सही करायची आणि विसाव्या वर्षी तीच श्रद्धा शाबूत असल्याचं दाखवायचं. मुंबईच्या अल्पसंख्याक कॉलेजात एकदा आत गेल्यावर तुमच्या श्रद्धेचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. ते स्वातंत्र्य कुणी विचारपूर्वक दिलेलं नाही, निव्वळ बेफिकिरीतून आलंय, पण विशीतल्या मुलाला ते उपयोगी पडतं. भाच्याच्या कोट्यावरून चिडलेल्या माझ्या भावाला मी हे सांगितलं. त्याला ते अजिबात पटलं नाही.

माझ्या मुलीला नर्सिंग करायचंय. यादीत दोन जेझुइट कॉलेजं आहेत, शिकागोचं लोयोला आणि मिलवॉकीचं मार्केट (Marquette) विद्यापीठ, आणि तिसरं सरकारी, इलिनॉय विद्यापीठाचं शिकागो कॅम्पस. थिऑलॉजीच्या तासाला तिची हरकत नाही, वॉर्डाबद्दलचे प्रश्न तिने लिहून ठेवलेत. राज्यातल्या रहिवाशांना सरकारी फी बरीच कमी पडते, तेव्हा शेवटी कुठे जायचं ते मार्चमध्ये शिष्यवृत्तीची पत्रं आली की ठरेल.