'बॅक्टेरियाच्या नावाखाली भुकटी' या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

भाऊ, आमच्या प्रोबायोटिकवरचा, म्हणजे माशांच्या खाद्यात मिसळायच्या उपयोगी जंतूंच्या भुकटीवरचा, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. बॅक्टेरियाच्या नावाखाली भुकटी विकतात, गोदामातल्या उन्हानं जंतू आधीच मेले होते, अलिबागच्या तळ्यातले जिताडे मासे गेलेच, आणि नागपुरात बसून हे समुद्राच्या माशांचा माल विकून राहिले, असं तुमचं म्हणणं.

उन्हाचं आधी घेतो. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, कबूल. पण तुम्ही नेलेल्या पाकिटात बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस आहेत. ते बीजाणूच्या, म्हणजे कडक कवचात झोपलेल्या जंतूच्या रूपात असतात. खाद्याच्या गोळ्या पाडताना लागणारी वाफसुद्धा त्यातले बरेच सोसतात. बीजाणू न करणारा लॅक्टोबॅसिलस असता तर तुमचा मुद्दा बरोबर होता. तो आम्ही फ्रिजमध्ये ठेवतो आणि उन्हाळ्यात बाहेरगावी पाठवतच नाही.

आता तुम्हीच टाकलेला फोटो जरा मोठा करून बघा. बादलीत आमची भुकटी पाण्यावर तरंगतेय, आणि कडेला ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचं फोडलेलं पाकीट! प्रतिजैविकाला रोगाचा जंतू कोणता आणि कामाचा कोणता, हे कळत नाही. दोन्ही एकाच दिवशी दिलं, तर आमच्या मालाचे पैसे वायाच जाणार.

प्रोबायोटिक म्हणजे औषध नव्हे. पाकिटावर तसं छापलंय. खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ हा माशांना रोग करणारा जंतू असतोच. उरलेलं खाद्य तळाशी कुजलं, पाणी तापलं, प्राणवायू घटला की तो माजतो. समुद्राच्या पाण्यात माशाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो सतत पाणी पितो आणि पाण्यातले जंतू थेट आतड्यात पोचतात. तिथे बॅसिलस आधीपासून असेल, तर व्हिब्रिओला जागाही कमी मिळते आणि खाणंही. हॅचरीवाले पिल्लांना सुरुवातीच्या खाद्यापासूनच प्रोबायोटिक देतात ते यासाठीच, कारण रोटिफर आणि आर्टेमिया या बारीक जलजीवांसारख्या जिवंत खाद्याबरोबरही व्हिब्रिओ आत शिरतो. अंगावर जखमा आल्यावर, मासे मरून राहिले असताना पाकीट फोडून उपयोग नाही.

आणि भुकटी नुसती पाण्यावर टाकायची नसते. थोड्या तेलात कालवून खाद्याला चोळायची, सावलीत वाळवायची, मग ते खाद्य टाकायचं. बिलासोबत दिलेल्या मराठी कागदावर हे आहे.

नागपुरात समुद्र नाही, खरं आहे. कोकणात संत्र्याच्या बागा नाहीत, तरी तिथे संत्री विकतातच ना! शिवाय माफसूचं (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं) मत्स्य विज्ञान महाविद्यालय इथेच, नागपुरात आहे.

न फोडलेली पाकिटं परत आणा, पूर्ण पैसे देतो. फोडलेल्याचे मिळणार नाहीत. पण आधी एक करा: मेलेला नको, मरायला टेकलेला मासा बर्फात ठेवून त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात न्या आणि कुठे तपासायचा ते विचारा. वाचलेल्या जिताड्यांना ते प्रतिजैविक गेलं असेल, तर औषधाचा अंश उतरेपर्यंत बाजारात नेऊ नका.