परराष्ट्रीयांना मंडळीत कोणी घेतलं?

सध्या एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: येशूच्या यहुदी शिष्यांना बाहेरचे लोक नकोच होते. नंतर प्रेषित झालेल्या पौलाने एकट्याने ठरवून परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, आत घेतलं आणि संख्या वाढावी म्हणून सुंता, खाण्यापिण्याचे नियम, सगळं माफ केलं. यरुशलेमच्या मंडळीचे पुढारी पेत्र आणि याकोब यांचा शेवटपर्यंत विरोध होता. यावर यरुशलेममध्ये पुढाऱ्यांची सभा भरली, तिच्यात पौल जिंकला, त्याच दिवशी नवा धर्म जन्मला आणि देवाने यहुद्यांना टाकून त्यांच्या जागी इतरांना बसवलं. मंडळीतली वाचणारी माणसंही हे पुढे पाठवतात, याचं वाईट वाटतं.

पौलाने सुरुवात केली, इथूनच चूक होते. नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडा. आठव्या अध्यायात फिलिप्प गाझाच्या वाटेवर एका हबशी अधिकाऱ्याला बाप्तिस्मा देतो. दहाव्यात पेत्र यापोला, कातडी कमावणाऱ्या शिमोनाकडे उतरलेला आहे. भर दुपारी तो धाब्यावर प्रार्थनेला गेला आहे, भूक लागली आहे, स्वयंपाक अजून व्हायचा आहे. तेवढ्यात आकाशातून चारी कोपऱ्यांनी सोडलेली चादर दिसते. तिच्यात सगळ्या जातींचे प्राणी आहेत आणि ‘मारून खा’ अशी वाणी होते. त्यांत यहुद्यांना निषिद्ध प्राणीही आहेत, म्हणून पेत्र नाही म्हणतो. तीनदा हेच घडतं. मग तो कैसरियाला कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी जातो, आणि त्या घरातल्या माणसांवर पवित्र आत्मा उतरतो. परतल्यावर यरुशलेममध्ये त्याला जाब विचारतात, पण तो बाप्तिस्म्याबद्दल नाही. सुंता न झालेल्यांच्या घरात गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास, ही तक्रार आहे. वाद पंगतीचा होता. हे ध्यानात ठेवलं तर पुढचं बरंच उलगडतं.

सिरियातल्या अंत्युखिया शहराचं तर त्याहून स्पष्ट आहे. स्तेफन या शिष्याच्या हत्येनंतर यरुशलेममधून पांगलेल्या लोकांपैकी कुप्र आणि कुरेने इथल्या काही जणांनी तिथल्या ग्रीकांना सुवार्ता सांगितली. त्यांची नावंसुद्धा लिहून ठेवलेली नाहीत. बातमी कळल्यावर यरुशलेमच्या मंडळीने आपल्यातल्या बर्णबाला पाठवलं आणि बर्णबाने तार्सला जाऊन पौलाला आणलं. म्हणजे पौल आला तेव्हा मिश्र मंडळी उभी होती! शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नावही पहिल्यांदा त्याच शहरात मिळालं.

यहुद्यांना बाहेरचे नकोच होते, हेही अर्धवट आहे. यरुशलेमच्या मंदिरात एक आडवा कठडा होता. त्याच्या आत परराष्ट्रीयाने पाऊल टाकलं तर मरणाला तो स्वतः जबाबदार, अशी ग्रीक भाषेतली सूचना कोरलेला दगड १८७१ मध्ये सापडला. आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पण त्याच काळात शहराशहरांतल्या सभास्थानांत, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहांत, ‘देवभीरू’ म्हणवणारे परराष्ट्रीय येऊन बसत, दानधर्म करत. कर्नेल्य त्यांतलाच. आजच्या तुर्कस्तानातल्या अफ्रोदिसियास इथे १९७६ मध्ये मिळालेल्या, काही शतकं नंतरच्या शिलालेखात यहुदी नावांबरोबर अशा देवभीरूंची वेगळी यादीच आहे. आणि सुंतेवरून खुद्द यहुद्यांमध्येच मतभेद होते. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस मेसोपोटेमियातल्या अदियाबेने राज्याच्या इझातेस राजाची हकीकत देतो. हनन्या नावाचा यहुदी व्यापारी त्याला सांगतो की सुंतेशिवायही देवाची भक्ती करता येईल. पुढे गालीलहून एलाजार येतो, राजाला मोशेचं नियमशास्त्र वाचताना पाहतो आणि विचारतो, नुसतं वाचून काय उपयोग, त्यात लिहिलंय ते कर. राजा सुंता करून घेतो. यहुदी घरातला हा जुना प्रश्न ख्रिस्ती मंडळीत आला, कारण ती मंडळी त्याच घरातली होती.

‘सगळं माफ’ केलं म्हणावं, तर तसंही झालं नाही. यरुशलेमची सभा इ.स. ४९ च्या सुमाराची. तिथे सुंतेची अट काढली, पण चार गोष्टी वर्ज्य ठेवल्या: मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्याचं मांस आणि व्यभिचार. ज्याचं सगळं सामाजिक आयुष्य देवळाच्या आवारातल्या जेवणांभोवती फिरत होतं, त्या ग्रीक माणसाला ही सवलत वाटली असेल का? आणि हे नियम कागदावर राहिले नाहीत. इ.स. १७७ मध्ये गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) ल्यों शहरात ख्रिस्ती लोक मुलांना खातात असा आळ घेऊन त्यांचे हालहाल केले. बिब्लिस नावाची बाई आधी विश्वास नाकारून बसली होती. तिला पुन्हा छळलं तेव्हा ती भानावर आली आणि म्हणाली, ज्यांना जनावराचं रक्तसुद्धा चालत नाही ते मुलांना कसे खातील? असं बोलून ती हुतात्म्यांत सामील झाली. सभेला शंभराहून जास्त वर्षं उलटली होती आणि यरुशलेमपासून इतक्या दूर तो नियम पाळला जात होता.

पौलही सरसकट मोकळीक देणारा नव्हता. आपला सहकारी तीत याची सुंता करायला त्याने ठाम नकार दिला, कारण तो ग्रीक होता. दुसरा सहकारी तीमथ्य, त्याची आई यहुदी, त्याची सुंता त्याने स्वतः करवली.

पेत्र आणि याकोब यांच्या विरोधाबद्दल मात्र त्या मजकुरात थोडं सत्य आहे, आणि ते झाकायचं कारण नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. याकोबाकडून काही जण आले आणि तो मागे सरला. बर्णबासुद्धा त्यांच्याबरोबर ओढला गेला. पौलाने पेत्राला सर्वांदेखत सुनावलं. गलतीकरांस पत्रात तो हे सांगतो, पण शेवटी पेत्राने ऐकलं असं लिहीत नाही; ऐकलं असतं तर बहुधा लिहिलं असतं. तरीही याला शेवटपर्यंतचा विरोध म्हणता येत नाही. त्याच पत्रात याकोब, पेत्र आणि योहान यांनी पौलाशी उजवा हात मिळवल्याचं आहे. सभेत सुंतेचा आग्रह धरणारे होते येशूवर विश्वास ठेवलेले परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक. परराष्ट्रीयांच्या बाजूने पेत्र बोलला, आणि आमोस संदेष्ट्याचा आधार घेऊन त्यांना त्रास देऊ नये हा निवाडा दिला तो याकोबाने. पौलानेही यरुशलेमशी नातं तोडलं नाही. मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांकडून तिथल्या गरिबांसाठी वर्गणी जमवून तो स्वतः घेऊन गेला. मंदिरात पकडला गेला तो कशावरून? इफिसच्या त्रफिम नावाच्या परराष्ट्रीयाला त्याने आत नेलं, या संशयावरून. म्हणजे त्याच कठड्यावरून.

एका दिवसात धर्म वेगळा झाला, यावर फार लिहायची गरज नाही. इ.स. ३८६–८७ मध्ये, सभेनंतर तीनशेहून जास्त वर्षांनी, अंत्युखियाचा धर्मगुरू योहान क्रिसोस्तोम आपलेच ख्रिस्ती लोक यहुदी सणांना सभास्थानात जातात म्हणून प्रवचनांवर प्रवचनं देत होता.

त्या प्रवचनांत यहुद्यांना दिलेल्या शिव्या पुढे युरोपात पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या. म्हणूनच ‘देवाने यहुद्यांना टाकलं’ हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. ते पौलाच्या नावावर खपवू नये. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात देवाने आपल्या लोकांना टाकलं आहे काय, असा प्रश्न त्यानेच विचारला आहे आणि उत्तर ‘कधीच नाही’ असं दिलं आहे. परराष्ट्रीयांना तो रानजैतुनाची फांदी म्हणतो, मूळ झाडावर कलम केलेली, आणि बाकीच्या फांद्यांपुढे फुशारकी मारू नका असं थेट त्यांनाच बजावतो. तो परराष्ट्रीय म्हणजे आपण.