‘हजार बैठका मारणाऱ्याला डिग्री कशाला?’ कशाला ते सांगतो

सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. वर गदेचं चित्र, खाली ‘पालकांनो, जागे व्हा’. मजकूर थोडक्यात असा: हजार बैठका मारणाऱ्याला डिग्री कशाला, स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग (एस अँड सी, म्हणजे खेळाडूची ताकद आणि दम वाढवण्याचं शास्त्र) शिकायला युनिव्हर्सिटीत वर्षं घालवणं म्हणजे वेडेपणा, त्या पदवीला नोकरीही नाही, तेच ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेट’ ४५ दिवसांत ऑनलाइन मिळतं, खाशाबांना कुठला कोच होता, खरा कोच तो, जो पहिल्याच दिवशी पोराकडून ५०० बैठका काढून घेतो आणि ओकेपर्यंत पळवतो, १६ वर्षांच्या आत वजन उचललं की उंची खुंटते, आणि ज्याने स्वतः २०० किलो उचललेत त्यालाच शिकवायचा अधिकार. शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. माझ्या बहिणीने तो इमानेइतबारे दहा जणांना पाठवला, आणि भाच्याचा याच विषयातल्या बी.एस्सी.चा अर्ज टेबलावरून कपाटात गेला. म्हणून हे उत्तर.

आधी त्या ५०० बैठका. बाकीच्या मुद्द्यांपायी फार तर पैसे आणि वर्षं जातील. या एका मुद्द्यापायी पोराचं मूत्रपिंड जाऊ शकतं.

बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्याआधी दोन-तीन महिने पोरगं खुर्चीवरून उठलेलं नसतं. पेपर संपले की एप्रिलच्या उन्हात भरती अकॅडमीत नाव घालायचं, आणि पहिल्या दिवशी ‘दम बघायला’ ५०० बैठका. बैठक मारताना खाली जातो तेव्हा मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. स्नायूंच्या पेशी सर्वांत जास्त फाटतात त्या याच टप्प्यात. सवयीच्या स्नायूला हे सोसतं, कारण थोडी थोडी इजा भरून काढत तो कणखर झालेला असतो. सवय नसलेल्या स्नायूच्या पेशी एकदम मोठ्या संख्येने फुटतात आणि त्यातलं मायोग्लोबिन व पोटॅशियम रक्तात उतरतं. मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या तुंबवतं, पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडवतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात.

खूण अशी की दुखणं मेहनतीच्या मानाने फारच जास्त असतं, मांड्या टणक सुजतात, जिना उतरता येत नाही, आणि एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. अशा वेळी घरोघरी काय होतं? मालिश आणि पेनकिलर. मालिशमध्ये वेळ जातो, आणि दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या आधीच दमलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. लघवीचा रंग बदलला की थेट दवाखाना गाठायचा आणि रक्तात सीके (स्नायू फुटले की रक्तात वाढणारा घटक), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा), पोटॅशियम तपासायला सांगायचं. निरोगी माणसाचं सीके साधारण २०० च्या आत असतं. या आजारात ते हजारांत, कधी लाखात जातं.

‘हे सगळं पुस्तकी’ म्हणणाऱ्यांसाठी एक घडलेली गोष्ट. जानेवारी २०११, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा फुटबॉल संघ. सुट्टीवरून परतलेल्या खेळाडूंना घड्याळ लावून १०० स्क्वॉट दिले, तेही एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन उचलता येतं त्याच्या निम्मा बार खांद्यावर घेऊन. १३ खेळाडू रॅब्डोमायोलिसिसने रुग्णालयात गेले. हे नवखे नव्हते, वर्षानुवर्षं वजन मारणारे धिप्पाड गडी होते. खंड पडला होता तो फक्त काही आठवड्यांचा. नेमलेल्या समितीने तो व्यायामच बंद करायला सांगितला.

आता कुणी म्हणेल, तिथले कोच तर शिकलेलेच होते ना! हो, होते. एवढं मान्य करतो की पदवी म्हणजे अक्कल नव्हे. पण पुढे काय झालं तेही बघा. या क्षेत्रातल्या दोन अमेरिकी संघटनांनी २०१९ मध्ये खंडानंतर परतणाऱ्या खेळाडूंसाठी लेखी नियम केला: पहिल्या आठवड्यात ठरलेल्या कंडिशनिंगमधून निदान ५० टक्के कापायचं, दुसऱ्यात ३०, आणि गडी नवा असेल तर तिसऱ्यात २०, चौथ्यात १०. म्हणजे १०० मीटरच्या २० धावा ठरल्या असतील तर आधी १०, मग १४, १६, १८, आणि पाचव्या आठवड्यात पूर्ण २०. हिशोब पाचवीतल्या पोराला जमेल असा आहे. तो का करायचा आणि केला नाही तर काय होतं, हे मात्र कुणीतरी शिकवावं लागतं.

आणि तालमीला यात उगाच ओढू नका. हजार बैठका मारणारा पैलवान हजारावर वर्षांच्या मेहनतीने पोचलेला असतो. चांगला वस्ताद नव्या पोराला थोडक्यातच थांबवतो, अंग धरलं की वाढवतो. मेसेज लिहिणाऱ्याने तालमीतला आकडा उचलला आणि चढती मेहनत तिथेच सोडली. ओकेपर्यंत पळवण्याचंही तेच. ओकारी म्हणजे त्या दिवशीचा वेग पोराला झेपला नाही, एवढाच तिचा अर्थ. पोलीस भरतीत १६०० मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं, म्हणजे ४०० मीटरची फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. हे साधायचं तर त्या वेगाच्या आसपास ४०० च्या पाच-सहा फेऱ्या, मध्ये पुरेशी विश्रांती, आठवड्यातून दोनदा, आणि बाकीचे दिवस बोलता येईल इतकं सावकाश पळणं. रोज डांबरी रस्त्यावर १० किलोमीटर पळवलं तर नडगीचं हाड दुखायला लागतं, आणि तरीही पळवत राहिलं तर त्या हाडाला बारीक तडा जातो. मग ऐन ग्राउंडच्या वेळी पोरगं प्लास्टरमध्ये.

खाशाबांचं नाव घेणाऱ्याने त्यांच्या गावी, कराडजवळच्या गोळेश्वरला, जाऊन तरी यायचं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकआधी खाशाबा जाधवांना रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने शिकवलं. मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवे होते, तरी ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. म्हणजे कोच होता, आणि अंगातल्या जोराशिवाय आणखी काय लागतं हे शिकवणारा होता.

आता ते ४५ दिवसांचं सर्टिफिकेट. मेसेजमध्ये सीएससीएसचं (सर्टिफाइड स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग स्पेशलिस्ट, या क्षेत्रातलं अमेरिकी प्रमाणपत्र) नाव आहे, म्हणून त्याचंच सांगतो. ही परीक्षा द्यायला आधी पदवी लागते, किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षात असावं लागतं. शिवाय सीपीआर (बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालवणं) आणि एईडीचं (हृदयाला झटका देणारं यंत्र) प्रमाणपत्र, तेही प्रत्यक्ष हाताने करून दाखवलेलं. परीक्षेचे दोन भाग: विज्ञानाच्या पायाचे ९५ प्रश्न दीड तासात, प्रत्यक्ष वापराचे १२५ अडीच तासांत. बारावी पास पोराला ती ४५ दिवसांत कुणी देत असेल तर ती सीएससीएस नाही, आद्याक्षरं जुळवलेलं दुसरं काहीतरी आहे. पावती फाडण्याआधी पूर्ण नाव वाचा.

आणि जिम ट्रेनरचा कोर्स वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. एस अँड सी कोचला आधी खेळ मोजावा लागतो. कबड्डीत एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची, २०-२० मिनिटांचे दोन डाव. मॅटवरची फ्रीस्टाइल कुस्ती ३ अधिक ३ मिनिटं, मध्ये ३० सेकंद. जत्रेतली निकाली कुस्ती लागली तर चितपट होईपर्यंत. एकाच तालमीतले दोन पैलवान, एक मॅटचा आणि एक जत्रेचा, यांची दमछाकसुद्धा सारखी नसते. मग तक्ता सारखा कसा? दुसरं, नव्या पोराचं कमाल वजन काढायला त्याला कमाल वजन उचलायला लावायची गरज नसते. ८० किलोचे नीट ६ स्क्वॉट मारले तर ८० गुणिले (१ अधिक ६ भागिले ३०), म्हणजे ९६ किलोच्या आसपास. हे सूत्र बॉयड एप्ली यांचं. १९६९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने त्यांना स्ट्रेंथ कोच म्हणून नेमलं, १९७८ मध्ये त्यांनी या क्षेत्राची संघटना उभी केली. पण एका दमात १० पेक्षा जास्त स्क्वॉट मारले असतील तर हे सूत्र फसवतं, आणि दमलेल्या दिवशीही फसवतं. ते कधी वापरू नये हेच शिकायचं असतं.

उंचीचा मुद्दा अर्धा खरा म्हणावा लागतो, नाइलाजाने. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या वाढपट्ट्या असतात, त्या हाडापेक्षा कमजोर असतात, आणि बेफाम वजनाने किंवा वाकड्या उचलीने त्यांना इजा होते. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते साधारण १२ व्या वर्षी, मुलांची १४ व्या, तेव्हा जपावंच. पण नीट शिकवलेल्या वजनाच्या व्यायामाने उंची खुंटत नाही, हे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने स्पष्ट सांगितलंय. सुरुवात काठीने किंवा हलक्या बारने करायची, ६ ते १५ आवृत्त्या, एक ते तीन सेट, आठवड्यात दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, आणि उचल बिघडली की त्या दिवशी तिथेच थांबायचं. कठड्यावरून उडी मारताना पोराच्या पायांवर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. त्या उड्यांवर कुणी मेसेज केल्याचं ऐकिवात नाही.

२०० किलोवाल्याला एकच उत्तर. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलात ५५ किलो गटात ११३ अधिक १३५, असे २४८ किलो उचलून रौप्य आणलं; सुवर्ण एका किलोने हुकलं. एका उचलीत सर्वांत जास्त १३५. मेसेजच्या नियमाने तोही अपात्र.

राहिली नोकरी. इथे मेसेज जवळपास बरोबर आहे, आणि ते लपवून उपयोग नाही. सांगली-साताऱ्यात या पदवीची जागा रोज निघत नाही. बी.पी.एड.ने शाळेचा रस्ता उघडतो, पण ते पदवीनंतरचं दोन वर्षांचं, शिक्षक घडवणारं शिक्षण आहे. ते घेऊन कुणी एस अँड सी कोच होत नाही. काही कॉलेजांत तर तिन्ही वर्षं पीपीटी बघण्यात जातात. म्हणून अर्ज कपाटात टाकण्यापेक्षा कॉलेजात जाऊन विचारा: प्रात्यक्षिकाचे तास किती, आणि ते खऱ्या खेळाडूंवर की एकमेकांवर? उचलीचे प्लॅटफॉर्म किती, पोरं किती? उडी आणि धाव मोजायला काय आहे, की नुसतं स्टॉपवॉच? इंटर्नशिप कुठल्या संघाकडे, आणि तिथे पोरगं व्यायामाचा तक्ता लिहितं की फक्त मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडतं? शिकवणाऱ्याने शेवटचा संघ कधी हाताळला? यातल्या निदान तीन प्रश्नांची तरी नीट उत्तरं मिळाली नाहीत तर तिथला फॉर्म भरू नका, दुसरीकडचा भरा.