नुसता बॅकअप बघून जुना लॅपटॉप घेऊ नका

जुना लॅपटॉप घेताना बॅटरी कशी तपासायची, यावरच्या लेखात ‘चार्जर काढून किती वेळ चालतो ते पाहा’ एवढंच सांगितलं आहे. ते पुरेसं नाही. विंडोज असेल तर विक्रेत्यासमोरच कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची विंडो) ‘powercfg /batteryreport’ ही कमांड टाका. तयार झालेली फाइल ब्राउझरमध्ये उघडा आणि डिझाइन कपॅसिटी (बॅटरीची मूळ क्षमता) व फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्ज केल्यावरची क्षमता) हे दोन आकडे बघा. 50,000 पैकी 32,000 उरले असतील तर बॅटरी 64 टक्क्यांवर आली. मग नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करूनच बोला. सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण चार्ज होऊन वापरली गेली तो आकडा, बऱ्याच मॉडेलांत कोराच येतो, त्यावर विसंबू नका. डुप्लिकेट बॅटरीची चिप आकडे खोटेही दाखवते, म्हणून चार्जर काढून 20 मिनिटं व्हिडिओ चालवाच. चार्ज 40 वरून एकदम 10 वर कोसळला तर बॅटरीतले सेल गेलेत. टचपॅड वर आलेलं किंवा खालचं कव्हर फाकलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे, तो लॅपटॉप चार्जिंगला लावायलाही सांगू नका.