गाइडवर कलर प्रिझर्व्हर नको, हे अजूनही म्हणतो

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, पण मुद्देही आहेत, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मासेमारीच्या रॉडला गाइड (ज्यांतून दोरी जाते त्या कड्या) दोऱ्याचे वेढे घालून बांधतात आणि वर इपॉक्सी, म्हणजे कडक होणाऱ्या राळेचा लेप देतात. त्या दोऱ्यावर आधी कलर प्रिझर्व्हर (इपॉक्सीखाली दोऱ्याचा रंग जपणारा थर) लावू नका, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की तुम्ही वर्षानुवर्षं प्रत्येक गाइडवर तो लावत आलात आणि आजवर एकही गाइड निसटलं नाही. डाग पडतात ते प्रिझर्व्हरमुळे नाही, लावणाऱ्याच्या घाईमुळे. एनसीपी दोरा (प्रिझर्व्हर न लागणारा अपारदर्शक दोरा) मेलेला दिसतो. आणि मी नवशिक्यांना उगाच घाबरवतो. शेवटी तुम्ही एक प्रश्न विचारलाय, त्याकडे शेवटीच येतो.

डागांचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, त्यावर वाद नाहीच. एक हात पातळ, एक जाड, मधे वाळायला वेळ नाही, वर घामट बोटांचं तेल. अशा ठिकाणी इपॉक्सी जिथे वाट मिळेल तिथे आत उतरतं आणि वेढ्यावर गडद ठिपके उमटतात. दोन-तीन सारखे हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू द्यावा, जादा साचलेलं कोरड्या ब्रशने टिपून घ्यावं आणि इपॉक्सीच्या आधी निदान एक दिवस थांबावं. एवढं पाळलं तर डाग सहसा पडत नाहीत. आतला ओलावा कोंडला गेला की वरचं इपॉक्सी धुरकट होतं, तेही घाईचंच फळ.

पण माझा आक्षेप डागांवर नव्हता. प्रिझर्व्हर नीट लावला तर काय होतं, यावर होता.

साधा नायलॉनचा दोरा म्हणजे बारीक तंतूंचा पीळ, आणि तंतूंच्या मधे हवा. प्रकाश तंतूतून हवेत आणि हवेतून पुन्हा तंतूत जाताना दर वेळी विखुरतो, म्हणून रंग भरीव आणि उजळ दिसतो. इपॉक्सी आत शिरलं की हवेची जागा ते घेतं. नायलॉनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) साधारण १.५३, कडक झालेल्या इपॉक्सीचा १.५ ते १.५७ च्या दरम्यान. प्रकाशाला दोन्हींत फारसा फरकच जाणवत नाही. विखुरणं थांबतं, दोरा अर्धपारदर्शक होतो आणि खालचा काळा ब्लँक (रॉडची नुसती काठी) नि गाइडचा पाय (ब्लँकवर टेकणारी धातूची पट्टी) वर दिसायला लागतात. ओलं कापड गडद दिसतं ते याच कारणाने. फक्त कापड वाळल्यावर पूर्ववत होतं, इपॉक्सी एकदा आत बसलं की बसलं.

आता प्रिझर्व्हर काय करतो ते बघा. आजचे बहुतेक प्रिझर्व्हर पाण्यावर आधारलेलं ॲक्रिलिक असतात. पाणी उडून गेलं की बाहेरच्या तंतूंवर एक पातळ पापुद्रा उरतो आणि आतली हवा आतच कोंडली जाते. ॲक्रिलिकचा अपवर्तनांकही १.४९ च्या आसपास आहे. त्याने दोरा आतपर्यंत गच्च भरला असता तर रंग इपॉक्सीखाली जातो तसाच गेला असता. रंग वाचतो तो आत उरलेल्या हवेमुळे. म्हणजे रंग टिकणं आणि इपॉक्सी आत न जाणं हा एकच व्यवहार आहे. पहिलं हवं असेल तर दुसरं पत्करावंच लागतं, हात कितीही सफाईदार असला तरी. तुमचा हात सफाईदार आहे हे फोटोंवरून दिसतंच. पण मग तुमच्या वेढ्यांत इपॉक्सी अजिबात गेलेलं नाही, असाही त्याचा अर्थ होतो.

याने बिघडतं काय? इपॉक्सी दोऱ्यातून झिरपून खाली गेलं की ते तंतूंना एकमेकांशी, दोऱ्याला ब्लँकशी आणि मधे गाइडच्या पायाला धरतं. पायाच्या दोन्ही बाजूंना जो चिंचोळा बोगदा राहतो तोही भरतो. प्रिझर्व्हर लावलेल्या वेढ्यात हे काम फक्त दोऱ्याचा ताण आणि वरचं कवच करतात. रॉड वाकतो तेव्हा ब्लँक कमानीत जातो, पण गाइडचा पाय सरळच राहू पाहतो, म्हणून तो वेढ्याच्या आत हलायला बघतो. गाइड वरच्या बाजूला असलेल्या कास्टिंग रॉडवर दोरीचा ताण गाइडला बाजूला पिळतो, तो भाग वेगळाच. एकपायी गाइडचं तर विचारू नका, ते वेढ्यातून पुढे सरकत बाहेर यायची संधीच शोधत असतं. त्यासाठी कडी जिथे उभी राहते तिथे, पायाच्या विरुद्ध बाजूला, चार-पाच अडसर वेढे घालायची पद्धत आहे. बोगदा रिकामा असला की ताणाखाली पाय आत किंचित हलतो, टोकाशी इपॉक्सीवर केसाएवढी चीर पडते आणि त्या चिरेतून पाणी शिरतं. खाऱ्या पाण्यात वापरणाऱ्यांना पुढचं सांगायला नको.

मग तुमचं एकही गाइड का निसटलं नाही? कारण तुम्ही जे रॉड दाखवले आहेत ते हलके आहेत, गाइड बारीक आणि दोनपायी आहेत, पाय नीट घासून निमुळते केलेले आहेत आणि दोऱ्याचा ताणही व्यवस्थित आहे. अशा कामात वेढ्याच्या पकडीवर बरंच निभावतं. हे मी मूळ लेखातही नाकारलं नव्हतं. पण हलक्या रॉडवर निभावलं म्हणून जड रॉडवर, ताकदवान माशाच्या झटक्याखालीही निभावेल, हा निष्कर्ष तुमचा आहे, रॉडचा नाही. नवशिक्याच्या वेढ्यात ताणही कमी असतो आणि पायही नीट घासलेला नसतो. त्याला सावध करणं म्हणजे घाबरवणं असेल, तर हो, घाबरवतो.

एनसीपी दोऱ्याबद्दल तुमची तक्रार अर्धी पटते. अपारदर्शकता दोऱ्यातच असल्यामुळे इपॉक्सी आत जातं आणि रंगही राहतो. पण नायलॉनची ती खोल चमक जाते हे खरं. पिवळा, केशरी, पांढरा हे रंग त्यात मला तरी चपटे वाटतात. निळ्या-हिरव्यात फरक फारसा कळत नाही, काळ्याला तर कशाचीच गरज नाही. मला विचाराल तर गाइडवर चपटा पिवळा चालेल, सैल पाय नको. धातूच्या झळाळीचा दोरा हा आणखी एक पर्याय आहे. त्यालाही प्रिझर्व्हर लागत नाही, पण तो टोकदार पायावर सहज तुटतो, म्हणून मी तो कडेच्या पट्टीलाच वापरतो.

तिसरा मार्ग तुम्ही विचारातच घेतलेला नाही. साध्या नायलॉनचं गडद होणं मान्य करून रंग निवडायचा. दोऱ्याचा तुकडा त्याच ब्लँकवर गुंडाळून पाण्याने किंवा अल्कोहोलने ओला करा, इपॉक्सीखाली तो साधारण कसा दिसेल ते तिथल्या तिथे कळतं. हवा तो गडदपणा मिळवायला एक-दोन छटा फिकट दोरा घ्यावा लागतो, इतकंच. (जुन्या बांबूच्या रॉडवर तर फिकट रेशीम मुद्दाम असं बांधतात की वार्निशखाली ते जवळजवळ दिसेनासं होतं आणि कडेची बारीक गडद पट्टी तेवढी उठून दिसते. तिथे प्रिझर्व्हर लावणं म्हणजे सगळी मजा घालवणं.)

प्रिझर्व्हर मी फेकून दिलेला नाही. मुठीच्या पुढच्या नक्षीकामाला, म्हणजे चौकटी, बाणांच्या ओळी, एकावर एक जाणारे रंग, तो लागतोच. तो नसेल तर खालून गेलेले दोरे वरच्या रंगातून दिसतात आणि सगळ्या मेहनतीचा चिखल होतो. त्या वेढ्याला भार नाही, त्याने फक्त दिसायचं असतं. गाइडच्या पायाखाली आधी घातलेल्या वेढ्याला रंग हवा असेल तर तिथेही लावा, पण पाय धरणारा वरचा वेढा मात्र प्रिझर्व्हरशिवाय ठेवा. कुठेही लावताना आपला प्रिझर्व्हर आणि आपलं इपॉक्सी यांचं जमतं का, ते टाकाऊ तुकड्यावर पाहून घ्या. न जमणाऱ्या जोडीत इपॉक्सी मागे सरून खळगे पडतात.

आता तुमचा प्रश्न: नव्या जड रॉडच्या गाइडवर प्रिझर्व्हर लावून झालाय, इपॉक्सी अजून लावलेलं नाही, तर काढू का? मी काढेन. दोरा स्वस्त असतो आणि या टप्प्यावर काम सोपं आहे. नवं धारदार ब्लेड घ्या, गाइडच्या पायाच्या बरोबर वर, धातूवरच चालवा आणि वेढा सोलून काढा. ब्लेड ब्लँकवर अजिबात टेकू देऊ नका, कार्बनच्या ब्लँकवर बारीक ओरखडा पडला तरी पुढे रॉड तिथेच मोडू शकतो. खाली ॲक्रिलिकचा पापुद्रा उरला असेल तर नखाने किंवा अल्कोहोलने ओल्या केलेल्या फडक्याने निघतो. नाहीच काढायचं ठरवलंत, तर निदान पायाच्या टोकाशी बोगद्याचं तोंड मोकळं करा आणि इपॉक्सीचा पहिला हात पातळ ठेवून त्या तोंडाशी थेंब-थेंब द्या, रॉड तिरका धरून ते आत ओढलं जाऊ द्या. बुडबुडे यायचे थांबले की मगच वरचा हात लावा आणि इपॉक्सी ओघळू नये म्हणून रॉड फिरवायला ठेवा.