शिपरॉक हे झाडाचं खोड नाही

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, नवाहो नेशन या नवाहो आदिवासींच्या स्वशासित प्रदेशाच्या हद्दीत, सपाट वाळवंटातून एक प्रचंड काळपट सुळका वर आलेला आहे. नकाशावर त्याचं नाव शिपरॉक. नवाहो लोक त्याला त्से बिताई म्हणतात, म्हणजे पंख असलेला खडक. मैदानापासून त्याची उंची सुमारे ४८० मीटर आहे. २०१६ च्या सुमारास एका व्हिडिओमुळे एक दावा जगभर पसरला आणि तो अजूनही फिरतो आहे: असे सगळे सुळके म्हणजे कुणीतरी तोडलेल्या महाकाय झाडांचे बुंधे आहेत. शिपरॉकच्या बाबतीत त्याला आणखी तीन शेपट्या जोडल्या जातात. त्याच्यापासून निघालेल्या दगडी भिंती ही मुळं आहेत, नवाहोंच्या कथांमध्ये या झाडाची आठवण आहे, आणि सत्य कळू नये म्हणूनच वर चढायला बंदी आहे. सोबत आकाशातून काढलेला फोटो असतो, त्यामुळे पहिल्या नजरेत माणूस फसतो, हे मला समजतं. पण यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि शेवटचे दोन तर जिवंत माणसांवर अन्याय करणारे आहेत.

आधी मुळं. मूळ खोडापाशी जाड असतं, पुढे निमुळतं होतं, फाटे फोडतं, वाकतं. शिपरॉकच्या भिंती तशा नाहीत. ईशान्येकडची भिंत जवळपास २.९ किलोमीटर लांब आहे आणि तिची सरासरी जाडी अडीच मीटरसुद्धा नाही. ती सलगही नाही, एकापुढे एक अशा तुटक तुकड्यांची बनलेली आहे. दक्षिणेकडची सुमारे ९ किलोमीटर जाते. या भिंतींना भूशास्त्रात डाइक म्हणतात. खालून येणाऱ्या शिलारसाने जमिनीला उभ्या चिरा पाडल्या, तो त्या चिरांमध्ये शिरला आणि तिथेच थिजला. भोवतालचा मँकोस शेल हा एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला चिखलाचा मऊ खडक. तो पाऊस-वाऱ्याने झिजून गेला, कठीण डाइक उभे राहिले. हे पाहायला अमेरिकेला जायचीही गरज नाही. धुळे-नंदुरबार पट्ट्यात असे डाइक शेकड्यांनी आहेत, त्यातला एक तर ८० किलोमीटरच्या आसपास लांब आहे. ते बहुतेक पूर्व-पश्चिम, एकमेकांना जवळपास समांतर धावतात. ती मुळं असतील तर त्यांचं खोड कुठे आहे?

आता खोड. आज जिवंत असलेलं सर्वांत उंच ज्ञात झाड कॅलिफोर्नियातलं रेडवूड आहे, साधारण ११६ मीटरचं. पाणी मुळापासून शेंड्यापर्यंत चढवण्याला निसर्गतः मर्यादा आहे आणि ती १३० मीटरच्या आतबाहेर येते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इथे नुसता बुंधाच ४८० मीटरचा मानायचा! शिवाय तोडलेल्या झाडाचा माथा सपाट दिसेल. शिपरॉकचा माथा दातेरी कडे आणि घळींनी भरलेला आहे.

यावर उत्तर येतं की लाकडाचा दगड झाला. लाकडाचा दगड होतो, हे खरंच आहे. शिपरॉकपासून साधारण २०० किलोमीटरवर, ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात २० कोटी वर्षांहून जुनी अशी दगडी खोडं हजारोंनी पडलेली आहेत. लाकडाची जागा सिलिकाने घेतली, पण खोडाचा आकार, कित्येक ठिकाणी पेशींची रचनासुद्धा ओळखू येते. शिपरॉकचा तुकडा भिंगाखाली धरला तर काय दिसतं? मिनेट नावाचा गडद अग्निजन्य खडक, त्यात चमचमणारे अभ्रकाचे पापुद्रे आणि पायरोक्सीन या खनिजाचे स्फटिक. मुख्य सुळका बराचसा ब्रेशियाचा आहे, म्हणजे स्फोटात फुटलेले कोनदार तुकडे पुन्हा एकमेकांत घट्ट बसून झालेला खडक. त्यात शिलारसाच्या वाटेतल्या थरांचे तुकडेही अडकलेले सापडतात. झाडाच्या पोटात ते कुठून येणार?

इथे दाव्याला विरोध करणाऱ्यांचीही एक गल्लत दुरुस्त करायला हवी. ‘हा ज्वालामुखीचा डोंगर आहे’ असं ते लिहितात. डोंगर कधीच झिजून गेला. आपल्याला दिसते ती सुमारे २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची नळी, जी तेव्हाच्या जमिनीखाली पाऊण ते एक किलोमीटर खोल होती.

नवाहोंच्या कथांकडे येतो. मला माहीत असलेल्या कथांमध्ये झाड नाही, पक्षी आहे. एका कथेत एका महाकाय पक्ष्याने त्यांच्या पूर्वजांना उत्तरेकडून पाठीवर बसवून इथे आणलं. दुसऱ्या कथेत या कड्यांवर माणसं खाणारे राक्षसी पक्षी राहत होते. राक्षसांचा संहार करणाऱ्या वीराने त्यांना मारलं आणि त्यांच्या पिल्लांतून गरुड आणि घुबड घडवले. तिसरी कथा सांगते की लोक एकेकाळी वरच राहायचे आणि शेती नि पाणी यांसाठी खाली उतरायचे. वीज पडून वाट तुटली, वर राहिलेली बायका-मुलं तिथेच मेली. कथा ज्यांच्या आहेत त्यांनी काय सांगितलं ते न ऐकता आपल्याला हवं ते त्यांच्या तोंडी घालायचं, याला पुरावा म्हणत नाहीत.

चढाईबंदीचं कारणही या तिसऱ्या कथेशी जोडलेलं आहे. मेलेल्यांच्या जागी जाऊन त्यांना डिवचू नये, ही नवाहोंची श्रद्धा आहे. तरीही १२ ऑक्टोबर १९३९ रोजी डेव्हिड ब्राउअर, राफी बेडेन, बेस्टर रॉबिन्सन आणि जॉन डायर हे चौघे माथ्यावर पोहोचले. त्यानंतर अनेक वर्षं गिर्यारोहक चढत राहिले. १९७० मध्ये एक गंभीर अपघात झाला आणि नवाहो प्रशासनाने चढाई पूर्ण बंद केली. म्हणजे दावा म्हणतो ते ‘लपवलेलं सत्य’ तीस वर्षं गिर्यारोहकांच्या हाताखाली होतं, आणि त्यांना लागला तो खडकच.

या परिसरात ज्याची माहिती माणसांपर्यंत वेळेत पोहोचली नाही अशी एक गोष्ट मात्र नक्की आहे. सुळक्यापासून १७ किलोमीटरवरच्या शिपरॉक गावात १९५४ ते १९६८ या काळात युरेनियम शुद्ध करणारी गिरणी चालली. आसपासच्या खाणींत नवाहो मजुरांनी काम केलं, धोक्याची पुरेशी कल्पना न मिळता, आणि त्यातले कितीतरी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला १९९० उजाडलं. गिरणीचा किरणोत्सारी कचरा आजही गावातच, सॅन हुआन नदीलगत, झाकून ठेवलेला आहे. २००५ मध्ये नवाहो नेशनने स्वतः कायदा करून आपल्या भूमीवर युरेनियमच्या खाणकामाला बंदी घातली.